रताळ्याचे चाळीस रुपये

गुरुग्रामला पाहुणे आले की त्यांना मॉल बघायचा असतो. मी त्यांना आधी रेहड्यांकडे नेते. रेहडी म्हणजे आपली हातगाडी.

मेट्रोच्या यलो लाइनचं शेवटचं स्टेशन, पूर्वीचं हुडा सिटी सेंटर, आता मिलेनियम सिटी सेंटर. थंडीत अंधार पडला की त्याच्या आसपास शेगड्या पेटतात. पहिला मान रामलड्डूला. नावावर जाऊ नका, गोडाचा पत्ता नाही. डाळीची गरम भजी, वर किसलेला मुळा आणि हिरवी चटणी. मग गोलगप्पे. गाडीवाला विचारतो, "आटे के या सूजी के?" आत आपला गरम रगडा नसतो, उकडलेला बटाटा असतो. इतकी वर्षं झाली, तरी तेवढ्यापुरतं माझं मन दादरला जातं.

पण खरी मजा शकरकंदीची. आपण रताळं बिचारं उपासाला बांधून टाकलंय. इथे ते निखाऱ्यात भाजतात, सोलून फोडी करतात, मसाला, लिंबू आणि वर कमरखाच्या आंबट चकत्या. कमरख म्हणजे आपलं करमळ.

गेल्या जानेवारीत द्रोण नुकता हातात आला होता. कुणीतरी ओरडलं, "गाडी आ गई!" दोन मिनिटांत दिवे विझले, रेहड्या गल्लीत पळाल्या. मी द्रोण घेऊन रस्त्यावर उभी, आणि पैसे द्यायचे राहिलेले.

२०१४ चा पथविक्रेता कायदा मी घरी येऊन वाचला. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. शहराच्या विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना, त्यातल्या एक तृतीयांश बायकांना. कायदा चांगला आहे हो. पण "गाडी आ गई" ऐकल्यावर कलम वाचत कोण थांबणार? पेटती शेगडी ढकलत पळायचं असतं. तराजू गेला तर दुसऱ्या दिवशीची कमाई गेली.

त्या रात्री मी त्याला शोधत गल्लीत गेले. तो भिंतीला टेकून निखाऱ्यांवरची राख झटकत होता. मी चाळीस रुपये पुढे केले. म्हणाला, "मैडम, पहले खा तो लो, ठंडी हो गई होगी." द्रोण माझ्या हातातून घेतला, फोडी पुन्हा निखाऱ्यावर ठेवल्या आणि वरून अर्धं लिंबू पिळलं.