आपल्या गावची नोंद कोण करणार?

(वर्षावासानिमित्त करमाड येथे दिलेल्या भाषणावरून)



मी वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. दिवसभर नोंदी करणे हे माझे काम. आमच्याकडे एक साधा नियम असतो. ज्याची नोंद नाही, तो व्यवहार झालाच नाही असे धरतात. आज मला वाटते की, आपल्या वाडवडिलांच्या बाबतीत हेच घडत आहे. त्यांनी मोठे व्यवहार केले, पण नोंद राहिली नाही.

माझे आजोबा सांगत, "आम्ही मक्रणपूरला गेलो होतो." एवढेच वाक्य. ते वारले तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि पदवीला इतिहास हा विषय घेतला होता. पानिपतच्या लढाईची कारणे मला पाठ होती. पण मक्रणपूरला कसे गेलात, बरोबर कोण होते, परत आल्यावर गावाने काय म्हटले, यांतले काहीही मी त्यांना विचारले नाही. ती चूक आता दुरुस्त होणार नाही. तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून आज उभा आहे.

मक्रणपूर म्हणजे कन्नडजवळचे गाव. तेथे ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांनी अस्पृश्य समाजाची परिषद भरविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला उपस्थित होते. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सभा-संमेलन सोपे नव्हते आणि गावकीची कामे सोडून जाणे त्याहून कठीण होते. एकमेकांना भेटताना 'जय भीम' म्हणावे, असे भाऊसाहेबांनी याच परिषदेत लोकांना सांगितले, असे मानतात. विदर्भात या अभिवादनाशी कामठीचे बाबू हरदास यांचे नाव जोडले जाते. श्रेय कोणाचे हा वाद बाजूला ठेवू. आपण दिवसातून दहा वेळा जो शब्द उच्चारतो, त्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यातून जातो. हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

दुसरी गोष्ट मिलिंद महाविद्यालयाची. त्या काळी आपल्या भागातील मुलांना पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढे महाविद्यालयाला 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' हे नाव मिळाले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि भिक्खू नागसेन हे उत्तरे देणारे. राजाला उत्तरे पटली आणि त्याने ती प्रामाणिकपणे मान्य केली. विद्येच्या जागेला बाबासाहेबांनी प्रश्नकर्त्याचे नाव दिले, यातला अर्थ विद्यार्थ्यांनी ओळखावा.

या वास्तूतून काय उगवले ते पाहा. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' नियतकालिक चालविले आणि खेड्यापाड्यांतल्या कित्येक नवोदितांना लिहिते केले. हे सारे आपल्या गावापासून रेल्वेने तासाभराच्या आत घडत होते.

आता विद्यार्थ्यांसाठी चार पुस्तके सांगतो. ती वाचनालयात मागा. नसतील तर ग्रंथपालांना सांगून मागणी नोंदवा. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. पण मागणीच झाली नाही, तर पुस्तक येणार कसे?

पहिले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९). लेखक आपल्या मराठवाड्याचे. आईवडिलांवाचून बहिणीच्या घरी वाढलेला हा मुलगा शिकत शिकत मिलिंदपर्यंत येतो. शिक्षण सोडावेसे वाटेल त्या दिवशी हे पुस्तक उघडा.

दुसरे, उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९). या दोघींनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांना भेटून विचारले आणि लिहून ठेवले. इतिहास कसा गोळा करतात, हे यातून शिकता येते.

तिसरे, चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे बारा खंडांचे चरित्र. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेब हयात असतानाच निघाला. एका माणसाने आयुष्यभर कागद जपले म्हणून आज आपल्या हाती एवढी माहिती आहे.

चौथे, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. हा ग्रंथ बहुतेक घरी आहे, पण काही घरी तो कापडात बांधून फोटोजवळ ठेवलेला आहे. त्याला फुले वाहू नका असे मी म्हणत नाही. फुले वाहून झाल्यावर तो उघडा, एवढेच म्हणतो.

मित्रहो, या पुस्तकांत करमाडच्या माणसांचे पान तुम्हाला सापडायचे नाही. ते अजून लिहिलेच गेलेले नाही. मक्रणपूरला गेलेली पिढी आता राहिली नाही. १९५६ ची धम्मदीक्षा ज्यांना आठवते, ते ऐंशीच्या पुढे आहेत. २७ जुलै १९७८ च्या विद्यापीठ नामांतराच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची सोळा वर्षे ज्यांनी सोसली, तेही आता आजी-आजोबा झाले आहेत.

म्हणून एक शंभर पानी वही घ्या. या वर्षावासात घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध माणसापाशी बसा आणि विचारा. तुमच्या घरातले पहिले कोण शाळेत गेले? कोणाच्या सांगण्यावरून? शाळेत कुठे बसवीत? दीक्षा कधी घेतली? गावकीची कामे केव्हा सोडली आणि त्यापायी काय भोगले? सांगतील तसे, त्यांच्याच बोलीत लिहा. तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला. आजीला विसरू नका. आजोबा सभेला गेले तेव्हा घर आणि ढोरे तिनेच सांभाळली होती.

वही भरली की तिची एक प्रत विहारात द्या आणि एक वाचनालयात. माझ्या आजोबांचे एकच वाक्य माझ्याकडे आहे. ते मी पहिल्या वहीत, पहिल्या पानावर लिहिले आहे. पुढची पाने तुमची.

नमो बुद्धाय. जय भीम.