नगरच्या छावणीतले निर्वासित

(शारदीय व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आश्रय मागायला आलेल्या परक्या माणसाला कायद्याचा आधार कसा मिळावा, हा आजचा विषय. तो जाहीर झाल्यावर काही मित्रांनी विचारलं, आपल्याकडे ना सीमा, ना बंदर, मग नगरचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे आणि जुना आहे. १५२२ च्या सुमारास इराणातल्या सफवी दरबाराचा रोष झालेला शाह ताहिर नावाचा विद्वान जीव वाचवून दख्खनेत आला. बुऱ्हाण निजामशहाने त्याला इथे ठेवून घेतलं आणि पुढे तो निजामशाहीचा मोठा मुत्सद्दी झाला. पण तो राजाच्या मर्जीचा काळ होता. मला सांगायची आहे ती गोष्ट अर्ज, शिक्के आणि फायलींच्या काळातली आहे.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगोंनी हिंदुस्थानही युद्धात ओढला. लगोलग देशभरातल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांची धरपकड सुरू झाली. सोळा वर्षांच्या वरचा पुरुष आणि हातात जर्मन पासपोर्ट, एवढं पुरे होतं. या सगळ्यांना आणलं ते आपल्या नगरला. लष्कराचं जुनं ठाणं, रेल्वेची सोय, आणि परक्या कैद्यांची सवय. बोअर युद्धातले कैदी इथे होते, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकही इथेच ठेवले होते.

या वेळी तारेच्या आत गेलेल्यांमध्ये व्यापारी होते, मिशनरी होते, हिटलरचे उघड समर्थक होते. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर होता. तिबेटमधल्या सात वर्षांवरचं पुस्तक लिहिणारा तोच हा. तो नाझींच्या एसएस संघटनेचा सदस्य होता, हे जगाला १९९७ मध्ये कळलं. आणि त्याच छावणीत हिटलरच्या तावडीतून सुटून मुंबईला पोहोचलेले ज्यू निर्वासितही होते. छळणारे आणि छळाला कंटाळून पळालेले, दोघांनाही एकच कलम लागू झालं.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळा प्रश्न या एका जागी आहे. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ हे अक्षर मारायला सुरुवात केली होती. १९३९ च्या जानेवारीपासून नावावरून ज्यू न वाटणाऱ्या ज्यू पुरुषाला ‘इस्राएल’ आणि बाईला ‘सारा’ हे जादा नाव लावणं सक्तीचं होतं. नोव्हेंबर १९३८ मधल्या ज्यूंविरुद्धच्या दंगलीनंतर छळछावण्यांत टाकलेल्या पुष्कळांना देश सोडून जाण्याच्या अटीवर सोडलं गेलं होतं. म्हणजे हा माणूस कोण, हे कळायला गुप्तहेरांची गरजच नव्हती. त्याच्या पासपोर्टवर खुद्द त्याच्या शत्रूनेच ते शिक्का मारून लिहिलं होतं. तरीही तो शिक्का कोणी वाचला नाही, कारण कायद्याने अधिकाऱ्याला विचारायला सांगितलेला प्रश्न एकच होता: पासपोर्ट कुठला? हा माणूस तिथून का निघाला, हे विचारायची सोय त्या कायद्यात नव्हती. अधिकारी दुष्ट होते असं मी म्हणत नाही. भल्या अधिकाऱ्यालाही असा कायदा आंधळं करतो.

मग हे लोक सुटले कसे? मुंबईत १९३४ सालीच ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली होती. सरकार व्हिसा देताना विचारी, याच्या पोटापाण्याचं कोण बघणार? ती हमी ही संस्था घेई. राहायची जागा, हातउसने पैसे, नोकरीसाठी खटपट, सगळं तीच बघे. हे काम गाजावाजाचं नाही, पण त्यातून संस्थेकडे एक मोलाची गोष्ट साठत गेली: प्रत्येक माणसाची माहिती. कुठून आला, काय शिकला, काय सोसून आला, मुंबईत त्याला ओळखतं कोण. धरपकड झाल्यावर हीच माहिती उपयोगी पडली. सरकारने सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पंजाबच्या कर्जबाजारी शेतकऱ्यावर पुस्तक लिहिणारे आयसीएस अधिकारी ते हेच. समितीने छावणीतल्यांची चौकशी केली, प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक ज्यू निर्वासित मोकळे झाले.

सुटका कायमची ठरली असंही नाही. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, भीतीचं वारं पुन्हा सुटलं आणि काहींना परत अडकवलं. पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला नजरकैदेची ठाणी उभी राहिली. नगरची छावणी पुढे देवळालीला आणि तिथून डेहराडूनला गेली.

एक गोष्ट या शहरात सांगायलाच हवी. युरोपातून परतल्यावर ज्यू डॉक्टर आणि तंत्रज्ञांना हिंदुस्थानात जागा द्यावी म्हणून १९३८ पासून पत्रांमागून पत्रं लिहिणारे पुढारी होते जवाहरलाल नेहरू. आमच्या पोरांच्या नोकऱ्या परके घेतील, ही ओरड तेव्हाही होती. ती बाजूला सारून नेहरू लिहीत राहिले. ज्यांच्यासाठी त्यांनी शब्द टाकला, तशा कितीतरी निर्वासितांना १९३९ मध्ये नगर बघावं लागलं, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये खुद्द नेहरूंना आपल्या किल्ल्यात आणून ठेवलं ते मार्च १९४५ पर्यंत. त्यांनाही कुठल्या न्यायालयापुढे उभं केलं नव्हतं.

याच युद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, चर्च मिळालं, कारण पोलंड हा मित्रदेश होता. वळिवड्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण नगरची गोष्ट आपण सांगत नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही. घर दोघांचंही गेलं होतं. एकाला शाळा आणि दुसऱ्याला काटेरी तार मिळाली ती पासपोर्टच्या रंगावरून.

आता आजचं बघू. युद्धकाळात, १९४० मध्ये परकीय नागरिकांचा कायदा झाला. त्याच्या जागी १९४६ चा कायदा आला आणि तोच स्वतंत्र भारताने जवळजवळ ऐंशी वर्षं वापरला. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू आहे. जुन्यात ‘निर्वासित’ या माणसाची व्याख्या नव्हती, नव्यातही नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही. माजी सरन्यायाधीश भगवती यांनी १९९७ मध्ये नमुना कायद्याचा मसुदा करून दिला, तो कागदावरच राहिला. आपण सवलती देतो त्या समूहाला देतो: तिबेटी, श्रीलंकेतले तमिळ, शेजारच्या तीन देशांतले अल्पसंख्याक. त्या सवलतींनी लाखोंचं भलं झालं, हे मोकळेपणी मान्य करतो. पण या यादीबाहेरच्या देशातून एखादा पत्रकार, एखादी बाई, एखादा कार्यकर्ता जीव घेऊन आला तर तो कायद्याच्या लेखी फक्त बेकायदा परदेशी. नगरच्या छावणीत १९३९ ला विचारलेला प्रश्नच आपण आजही विचारतो.

न्यायालयांनी काही दारं उघडली आहेत. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घटनेच्या एकविसाव्या कलमातलं जगण्याचं संरक्षण परक्यालाही आहे. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांना मृत्यूच्या तोंडी परत पाठवायला मनाई केली. उलट २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या पाठवणीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. योग्य कार्यपद्धतीशिवाय पाठवू नका, एवढंच बजावलं. वाट सरळ नाही. म्हणूनच वकील लागतो.

आणि वकील देण्याची तरतूद आपल्याकडे आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं बारावं कलम उघडून पाहा. मोफत मदतीला पात्र कोण, हे सांगताना तिथे नागरिक असण्याची अट घातलेली नाही. बाई असेल, मूल असेल, कोठडीतला माणूस असेल तर त्याचं उत्पन्नही बघायचं नाही. आपल्या जिल्हा न्यायालयातही असं प्राधिकरण आहे. शिक्षण हक्काचा कायदा ‘प्रत्येक बालक’ म्हणतो, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेचं दार निर्वासिताच्या पोराला बंद करता येत नाही.

माझ्या वकील बंधुभगिनींना, विशेषतः नव्या वकिलांना, माझं मागणं नेमकं आहे. असा कोणी निर्वासित कोठडीत आला तर पहिल्याच तारखेला त्याच्या भाषेचा दुभाषी मागा. घाईत कबुली देऊन दोन महिन्यांची शिक्षा भोगून सुटतो, या सल्ल्याला भुलू नका, कारण शिक्षेनंतर त्याची पाठवणी उभी असते. परत गेल्यास आपल्याला कोणापासून आणि का धोका आहे, हे त्याच्या शब्दांत लिहून न्यायालयाच्या नोंदीवर आणा. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे असते. २०११ साली गृह मंत्रालयाने काढलेल्या कार्यपद्धतीत वंश, धर्म, राजकीय मत अशा कारणांनी छळ झाल्याचं सकृद्दर्शनी दिसलं तर दीर्घ मुदतीच्या व्हिसाची शिफारस करायची सोय आहे. त्या व्हिसावर खासगी नोकरी करता येते, शिकता येतं. अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडेही त्याच दिवशी अर्ज पाठवा. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला माझी विनंती आहे, की आपल्या पॅनेलवरच्या दोन-तीन वकिलांना या कामाचं प्रशिक्षण द्यावं. मी त्यासाठी वेळ द्यायला तयार आहे. व्याख्यानानंतर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी नाव लिहून द्यावं.