बोट कोणती घ्यायची? आधी माणसं मोजा

आम्ही इस्लापूरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

पावसाळ्यात आपल्या सहस्रकुंडावर जत्रेसारखी गर्दी होते. पैनगंगेच्या त्या पाण्याची आपल्याला धास्ती असते, म्हणून आपण धबधबा लांबूनच बघतो. पण संथ तलाव दिसला की आपण निर्धास्त होतो. आज त्याच चुकीबद्दल सांगायचं आहे.

दिवाळीनंतर गटातली चार घरं मिळून आम्ही एका तलावावर सहलीला गेलो. लेकरांसकट अकरा जण होतो. काठावर दोन बोटी होत्या. एक पायानं चालवायची, चार जणांची. दुसरी छोटी मोटरबोट, चालवणाऱ्यासकट आठ जणांची. लेकरं मोटरबोटीसाठी हटून बसली. चालवणारा म्हणाला, "बसा सगळे, दहा मिनिटांत आणून सोडतो." जाकिटं होती पाच. घरची पुरुष माणसंही म्हणाली, "एवढं काय भ्यायचं?"

आम्हाला संकोच वाटला. सगळ्यांची मजा आपणच मोडायची का? पण वडोदऱ्याची आठवण झाली. 18 जानेवारी 2024 ला तिथल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेकांच्या अंगात जाकीट नव्हतं. तोही तलावच होता. आम्ही नाही म्हणालो.

मग पायडल बोट घेतली. चौघं-चौघं, जाकीट घालून, काठाकाठानं. ही बोट रुंद आणि बसकी, म्हणून सहसा डुलत नाही. लेकरं खूश झाली. पण दुपारी वारा सुटला. बोट हलकी, वारा तिला ढकलत नेऊ लागला. पाय मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, तरी काठ जवळ येईना. शेवटी मोटरबोटवाल्यानंच दोर बांधून ओढून आणलं.

तेव्हा कळलं की अमुक बोट चांगली आणि तमुक वाईट, असं नसतं. 21 मे 2024 ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण बुडाले. वारा कोणत्याच बोटीला सोडत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. पहिली, जागा किती आणि माणसं किती. मांडीवरचं लेकरूही एक माणूसच धरायचं. दुसरी, प्रत्येकाच्या मापाचं जाकीट आहे का. लेकराला मोठ्याचं जाकीट घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. पदर आत खोचून वरून जाकीट घालायचं, सगळे पट्टे आवळायचे. तिसरी, वारा. सकाळी पाणी शांत असेल, तर काठाजवळ पायडल बोट बरी. म्हातारी माणसं सोबत असतील, लांब जायचं असेल, तर मोटरबोट, पण जागेइतकीच माणसं आणि जाणता चालवणारा असेल तरच. आभाळ भरून आलं किंवा वारा सुटला तर कोणतीच नको.

बोटीत उभं राहायचं नाही, फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही. गाडीत कडबा एकाच अंगाला भरला तर गाडी कलंडते, तसंच हे. बोट उलटलीच तर तिला धरून राहायचं. कुणी बुडताना दिसलं तर मागं उडी टाकायची नाही. दोर, साडी, झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि हाका मारायच्या.

त्या दिवशी लेकरं तासभर रुसली. संध्याकाळी जीपमध्ये सगळी आमच्या मांडीवर झोपून घरी आली. रुसलेलं लेकरू समजावता येतं, मैत्रिणींनो. म्हणून काठावर "नाही" म्हणायला लाजू नका. एकीनं म्हटलं की बाकीच्यांनी तिला साथ द्या. गट त्यासाठीच तर असतो.