तळ्यातले हिरवे पाणी



आज आम्ही तुमच्याशी तळ्यातल्या पाण्याविषयी बोलणार आहोत. पाण्याचा रंग कसा ओळखावा, एवढाच विषय आहे. पण याच रंगापायी आमच्या गावात दोन भावांची डोकी फुटायची वेळ आली होती. म्हणून आधी ती हकिकत सांगतो.

आमचे गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. माणदेशचा मुलूख. पाऊस बेताचा. त्यामुळे पुष्कळांनी शेततळी खणली आहेत. तळ्यात पाणी साठवायचे, ते डाळिंबाला द्यायचे. जोडीला त्यातच कटला, रोहू, मृगळ हे मासे पाळायचे. उद्योग चांगला आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने असेच दहा गुंठ्यांत तळे केले. त्यात सातशे-आठशे बोटुकली पुरे, असे त्याला सांगितले होते. त्याने दोन हजार सोडली. मासे लवकर वाढावेत म्हणून शेण आणि पेंड पाट्यांनी टाकली. गोठ्याचे पाणीही तळ्यातच उतरत होते. मासे वाढले. मे महिन्यात एकेक मासा किलोच्या घरात आला. तो विकून मुलाची कॉलेजची फी भरायची, असा त्याचा बेत होता.

त्या महिन्यात वळवाचे ढग आले. तीन दिवस ऊन पडले नाही. चौथ्या दिवशी पहाटे तो तळ्यावर गेला, तर पाण्यावर मेलेले मासे तरंगत होते. पांढरी पोटे वर आलेली. त्याने कपाळावर हात मारला.

तो धावत आमच्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, धाकल्यानंच इख टाकलं. दुसरं कोण?" धाकला म्हणजे त्याचा चुलतभाऊ. दोघांचा बांधावरून वाद होता. खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच वाटले. दोघेही आमच्याच हाताखाली शिकलेले. तरी आम्ही पुरावा न पाहता एकाला दोषी धरले. ही आमची चूक झाली.

तोवर वाड्यापुढे माणसे जमली होती. काठ्या निघाल्या होत्या. एवढ्यात कोणीतरी मत्स्यखात्याच्या साहेबांना फोन केला. ते दुपारी आले. त्यांनी तळ्याला फेरी मारली आणि तीनच प्रश्न विचारले.

"मासे कधी मेले?" पहाटे.

"लहान मासे मेले का?" नाही. मोठेच मेले होते. लहान मासे काठाशी पोहत होते.

"बेडूक, पाण्यातले किडे?" तेही जिवंत होते.

साहेब म्हणाले, "विष टाकलं असतं तर लहान-मोठं पाहिलं नसतं. बेडूक आणि किडेही मेले असते. तुमचे मासे गुदमरून मेलेत. पाणी बघा, कसं हिरवंगार झालंय."

आम्ही सारे पाण्याकडे पाहत राहिलो. रोज पाहत होतो, पण कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

आता हे कसे घडते ते समजून घेऊ. पाणी हिरवे दिसते ते बारीक शेवाळामुळे. हे शेवाळ इतके बारीक असते की एकेक कण डोळ्याला दिसत नाही. शेण, खत, पेंड हे त्याचे खाद्य. ते मिळाले आणि ऊन पडले की ते भराभर वाढते.

मासासुद्धा श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो आपल्या कल्ल्यांनी घेतो. दिवसा उन्हात शेवाळ हा प्राणवायू पाण्यात सोडते. पण रात्री तेच शेवाळ प्राणवायू खाते. रात्रभर मासेही खातात, तळाचा कुजका गाळही खातो. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्यात ढगाळ दिवस आले, तर दिवसाची भरही पडत नाही. शेवाळ एकदम मेले आणि कुजू लागले, तर आणखीच ओढ लागते. अशा वेळी मोठे मासे आधी जातात.

मग हिरवे पाणी वाईटच का? नाही. थोडे हिरवे पाणी चांगले. त्यात माशाचे खाद्य असते. भाजीला मीठ लागते, पण मूठभर घातले तर भाजी फुकट जाते. तसेच हे आहे.

किती हिरवे चालेल ते हातानेच मोजता येते. काठावर बसा. हात सरळ पाण्यात सोडा. कोपर बुडण्याच्या सुमारास तळवा दिसेनासा झाला, तर पाणी ठीक. मनगट बुडून थोडे पुढे जाताच तळवा दिसेनासा झाला आणि पाणी हिरवे असेल, तर धोका ओळखा. पाणी गढूळ असेल तेव्हा मात्र ही परीक्षा चालत नाही.

पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर वेळ थोडा आहे असे समजा. लगेच खाद्य आणि शेण बंद करा. विहिरीचे ताजे पाणी सोडा. ते नसेल तर पंपाने तळ्याचेच पाणी उचला आणि उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा. मेलेले मासे बाहेर काढून पुरा. ते कोणी खाऊ नयेत, विकू नयेत.

आमच्या विद्यार्थ्याचे तासगावकडचे पाहुणे द्राक्षबागाईतदार. ते म्हणाले, "मोरचूद टाका, शेवाळ मरेल." साहेबांनी त्यांना थांबवले. मोरचुदाने सारे शेवाळ एकदम मरते, कुजते, आणि उरलेला प्राणवायूही संपतो. शिवाय मोरचूद माशालाही विषारी आहे.

आणखी एक जात ध्यानात ठेवा. ते नीलहरित शेवाळ. पाण्यावर रंग सांडल्यासारखी त्याची साय धरते. त्यातल्या काही प्रकारांत विष असते. ते माशाचे यकृत बिघडवते. अशा पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास मारतो, बाजारात गिऱ्हाईक हात लावत नाही. ही साय धरलेले पाणी जनावरांना पाजू नका. उकळले तरी ते विष जात नाही.

हे संकट आपल्याच खेड्यावर येते असे नाही. चिली देशात २०१६ साली समुद्रात शेवाळ माजले आणि पिंजऱ्यांत पाळलेले सुमारे ३९,००० टन मासे मेले. त्यांच्याकडे मोठमोठी यंत्रे होती. तरी नुकसान टळले नाही. आपले तळे लहान आहे. आपल्याला ते वेळेवर सांभाळता येते.

आमच्या विद्यार्थ्याचे निम्म्याहून जास्त मासे गेले. ते काही परत आले नाहीत. फीचे पैसे त्याने हातउसने घेतले. त्यातले काही धाकल्याने दिले. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही, पण काठ्या घरात गेल्या. पुढच्या साली त्याने आठशेच बोटुकली सोडली आणि गोठ्याच्या पाण्याला चर काढून दिला.

तेव्हा मंडळी, तळे असेल त्याने रोज पहाटे एकदा तळ्यावर जावे. हात बुडवून पाहावा. आणि मासे मेलेच, तर शेजाऱ्याचे नाव घेण्याआधी पाण्याचा रंग पाहावा.