परक्याच्या परवान्याचें मोल

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा शौक जवळजवळ संपुष्टांत आणला. त्यामुळें शिकारीच्या परवान्यांवर एखाद्या सरकारी खात्याचा जमाखर्च चालतो, हें ऐकून आपणांस नवल वाटेल. अमेरिकेंत तसें आहे. तेथील पुष्कळ राज्यांत वन्य पशूंची निगा राखणारें खातें मुख्यतः परवान्यांच्या पैशावर उभें असतें; आणि माँटाना राज्यांत तर त्या पैशाचा निम्म्याहून अधिक भाग परराज्यांतील शिकाऱ्यांच्या खिशांतून येतो.

घरच्याकडून थोडें व पाहुण्याकडून भरपूर घ्यावें, अशी ही जुनी रीत. १९७६ च्या हंगामांत एल्क नांवाच्या मोठ्या हरणाचा परवाना माँटानाच्या रहिवाशाला ९ डॉलरांत मिळे. परक्याला तो सुटा मिळतच नसे. त्याला २२५ डॉलर मोजून अनेक जनावरांचा जोडपरवाना घ्यावा लागे, मग बाकीचीं जनावरें हवीं असोत वा नसोत! तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९७८ सालीं बॉल्डविन खटल्यांत न्यायालयानें बहुमतानें राज्याच्या बाजूनें निकाल दिला. एल्कची शिकार ही करमणूक आहे, कोणाच्या पोटापाण्याचा उद्योग नव्हे, हें त्यांतील एक मुख्य कारण होतें.

त्याच राज्यांत २०१० सालीं जें घडलें तें आज सांगावयाचें आहे. बाहेरच्यांसाठीं वर्षास १७,००० जोडपरवाने असत. त्यांपैकीं ५,५०० खास वर्गाचे. घोडे, तंबू, स्वयंपाकी, वाटाड्या असें सर्व पुरविणारा जो धंदेवाईक व्यवस्थापक, ज्याला तिकडे आउटफिटर म्हणतात, त्याच्याशीं ठरवून येणाऱ्याला हा परवाना हमखास मिळे. बाकीच्यांचें नशीब सोडतीवर. साध्या परवान्याचे ६२८ डॉलर पडत. हमखास परवान्याची किंमत खपाच्या मानानें ठरे व ती हजार डॉलरांच्याही वर असे. या जादा पैशांतून, आपलीं रानें सर्वसामान्य शिकाऱ्यांस खुलीं ठेवणाऱ्या जमीनमालकांना मोबदला दिला जाई.

स्थानिक लोकांचें गाऱ्हाणें निराळें होतें. हमखास गिऱ्हाइकाच्या भरंवशावर आउटफिटर मोठमोठ्या जमिनी भाड्यानें घेतात, आणि ज्या कुरणांत आमचे बापजादे फिरले त्यांच्या फाटकांना कुलपें लागतात, असें ते म्हणत. हें गाऱ्हाणें खोटें नव्हतें. नोव्हेंबर १९१० नव्हे, २०१० (सवयीनें जुनें शतक तोंडीं येतें), त्या महिन्यांत जनतेचा कौल घेण्यांत आला. निम्म्याहून थोड्या अधिक मतदारांनीं खास वर्ग रद्द केला. ते ५,५०० परवाने सोडतींत गेले आणि सर्वांचीच किंमत ६२८ वरून ८९७ डॉलर झाली. रानें खुलीं ठेवण्यासाठीं वर्षाकाठीं सात लाख डॉलर व वन्य पशूंच्या अधिवासासाठीं पंधरा लाख डॉलर जादा मिळतील, असा सरकारी अंदाज होता. मात्र त्याला एक अट होती: सर्व परवाने खपले तर!

या 'तर'चें गणित आपण मांडून पाहूं. हमखास परवान्याची किंमत हिशेबापुरती १,२५० डॉलर धरूं. ११,५०० गुणिले ६२८, म्हणजे ७२,२२,०००. आणि ५,५०० गुणिले १,२५०, म्हणजे ६८,७५,०००. जुनी बेरीज १,४०,९७,०००. नव्या दरानें सतराच्या सतरा हजार खपले तर १,५२,४९,०००. साडेअकरा लाखांचा नफा! पण १,२८४ परवाने पडून राहिले कीं हा सारा नफा जिरला, आणि त्यावर एक जरी अधिक उरला कीं तोटा. सतरा हजारांत १,२८४ म्हणजे शेंकडा साडेसात. जवळजवळ अर्ध्यानें किंमत वाढविल्यावर तेरांतील एका गिऱ्हाइकानें पाठ फिरविणें कांहीं अघटित नव्हे.

२०११ सालीं सर्व परवाने खपले नाहींत. वर्षानुवर्षें ज्यांसाठीं सोडत लागे ते परवाने शिल्लक राहिले. दोष एकट्या किंमतीचा नव्हता; २००८ च्या मंदीनें लोकांचे हात आंखडलेले होते. पण हमखासपणा गेल्याचा घाव आउटफिटरांस बसला. सोडतीचा निकाल लागेपर्यंत गिऱ्हाईक येणार कीं नाहीं हें कळेना. मग घोडे किती पोसावे, माणसें किती ठेवावीं? परका शिकारी आला नाहीं कीं खाणावळवाला, पेट्रोलवाला, मांस कापून बांधून देणारा, या सर्वांचाच हंगाम सुना जातो. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानें बंदुका व काडतुसांवरील कराचें उत्पन्न राज्यांना वांटलें जातें. या वांटणीच्या मुख्य हिश्शांत निम्मा भाग क्षेत्रफळावर व निम्मा परवानाधारकांच्या संख्येवर ठरतो. परवानाधारक घटले कीं तेथेंही थोडी घट.

पुढें काळ पालटला. महागाईच्या मानानें किंमत हजार डॉलरांच्या वर गेली, तरी मागणी इतकी वाढली कीं अर्जदार अधिक आणि परवाने कमी! मग २०२१ सालीं विधिमंडळानें, आउटफिटर ठरवूनही सोडतींत नांव न निघालेल्यांसाठीं, त्या वर्षापुरती जादा शुल्कावर एक वेगळी वाट काढून दिली. आउटफिटरांस हायसें वाटलें. रहिवासी शिकारी मात्र पुन्हा विचारूं लागले कीं, वाढलेल्या परवान्यांइतकीं जनावरें रानांत वाढलीं आहेत काय?