आडवी बाटली आणि घरी राहिलेलं मत

श्रोतेहो, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गावाला परवान्याचं दारूदुकान नको असेल, तर मायबहिणींनी काय करावं? 2008 च्या सरकारी आदेशानं वाट दिली आहे. 25 टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या, की पडताळणी होऊन गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं : उभी बाटली नि आडवी बाटली.

मात्र हिशेब नीट ध्यानात घ्या. समजा, गावात महिला मतदार 600. सह्या 150 पुरतात. पण आडव्या बाटलीला मतं हवीत एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे 301. मतदानाला 400 जणी आल्या, 300 जणींनी बाटली आडवी केली, तरी दुकान चालूच! घरी राहिलेली बाई नकळत उभ्या बाटलीलाच हात देते.

गुरुजी, एवढं गणित फळ्यावर मांडा. मुलं ते घरी नेतील.