जिमच्या दारात अडलेल्यांसाठी



क्लब हाऊसच्या जिममध्ये यायचं म्हटलं की पुष्कळांचे पाय दारातच अडतात. "आता या वयात? लोक काय म्हणतील?" अहो, तिथल्या आरशात जो तो स्वतःचेच दंड बघत असतो!

तरी संकोच वाटलाच तर सकाळी अकराला या, शुकशुकाट असतो. आधी ट्रेडमिलची लाल दोरी कपड्याला अडकवायला शिका. तोल गेला की ती निघते आणि पट्टा थांबतो. निम्मी भीती तिथेच जाते.

वजनांना मात्र ज्येष्ठांनी टाळू नये. स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान २ दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात पासष्टीपुढचेही आले. हात न टेकता खुर्चीतून उठायचंय ना? मग एक किलोचं डंबेल पुरे. उचलताना श्वास कोंडू नका. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वाग्भटांनीही अष्टांगहृदयात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितलाय. शेजारचा तरणा शंभर किलो उचलतोय, उचलू दे.

सोमवारी अकराला मी तिथे आहे. स्वच्छ बूट आणि नॅपकिन तेवढा आणा.